सुयांची पेटी आणि माझं नाव

३ नोव्हेंबर १९८१
पोळ्याला बायकोला, चंद्रकलेला, लकवा मारला. उजवा हात लुळा, वाचा बंद. आज एसटीने साकोलीला नेलं. डॉक्टर नागपूरहून दर मंगळवारी येतात. डोक्यात, हातात सुया टोचून बॅटरीच्या पेटीतून करंट देतात. मेंदू जागा होतो म्हणे. डॉक्टरांनी तिला विचारलं, कसं वाटते. टाइम वाया नको म्हणून उत्तर मीच दिलं.
संकल्प: घरात शांतता. मी कमी बोलणार.

६ नोव्हेंबर
तिचा पहिला शब्द माझं नाव असणार. इतक्या वर्षांचा संसार आहे. डॉक्टरांनाही कळवणार, हीच आपली टेस्ट. सकाळपासून तिच्यासमोर बसून 'मारोतराव, मारोतराव' म्हणतो आहे. ती भिंतीकडे पाहते. एकाग्रता असावी.

१० नोव्हेंबर
करंटने तिचा अंगठा आपोआप उडत होता. मी म्हटलं, वाढवा. डॉक्टर म्हणाले, आधी तुम्ही घेऊन पाहा. घेतला. उपाशीपोटी असल्यामुळे चक्कर आली. पोहे खाल्ले होते, पण पोहे म्हणजे उपाशीच. नर्सने दिलेलं लिंबूपाणी चांगलं होतं.

१४ नोव्हेंबर
शेजारच्या कुंताबाई सांगतात, चंद्रकला त्यांच्याजवळ 'पाणी' म्हणाली. काल 'हळद' म्हणाली. भास. माझ्यासमोर एक अक्षर नाही. त्यावर म्हणतात, "भाऊजी, बिमारीच्या पहिले तरी तिनं कधी तुमचं नाव घेतलं होतं का जी? बाई माणूस घेते का?"
मी समजावलं, रिवाज तोंडाला असतात, मेंदूला नसतात. बराच वेळ समजावलं. मग कुंताबाईंना चुलीवरचं दूध आठवलं.

१७ नोव्हेंबर, सकाळ
टेस्ट फेल. सुया आजपासून बंद. वैद्याचं तेल सुरू. निर्णय फायनल.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळ
डॉक्टरांना तसं सांगितलं. ते तिच्याकडे वळले, बाई, तुमचं काय म्हणणं? मी सांगायला लागलो. कुणीतरी माझी बाही ओढली. पाहतो तर चंद्रकलेचा उजवा हात.
डाव्या हाताने तिने पदर पुढे घेतला. खाली पाहत, अडखळत म्हणाली, "मारोत... राव."
माझे डोळे भरून आले. दोन शब्द बोलावे म्हणून घसा साफ केला.
"घेतलं नाव," ती म्हणाली. "आता चूप बसा जी. सुया पाहिजे मले."

१८ नोव्हेंबर
सुया चालू. टेस्ट पास. माझीच पद्धत बरोबर निघाली, हे कुणाला तरी सांगायचं होतं.
चूप आहे.