काळ्या रानातली चांदीची डबी

अप्पा, आईच्या गळ्यातलं इष्टलिंग रानात हरवलं. तुम्हाला हे कसं सांगावं म्हणून मी इतके दिवस टाळत होते, जणू तुम्ही संध्याकाळी घरी येऊन विचारणार आहात. कापसाची शेवटची वेचणी चालली होती. दोरा जुना झाला होता, कधी तुटला तिला कळलंच नाही. घरी येऊन हातपाय धुताना तिनं छातीशी हात नेला आणि तशीच ओट्यावर बसली. तुम्ही परभणीच्या सोनाराकडून करून आणलेली ती चांदीची डबी, आणि आत तिच्या लहानपणापासून गळ्यात असलेलं लिंग. भावकीतल्या बायका दोन दिवस वाकून वाकून बघत होत्या. पण आपलं रान तुम्हाला माहीत आहे. या दिवसांत कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. लिंगाच्या पूजेशिवाय पाणीही न घेणारी बाई आता साखरेच्या आजाराच्या गोळीसाठी म्हणून कशीबशी अर्धी भाकरी खाते, तीही भिंतीकडं तोंड करून.

मी रजा टाकून आले आणि मोबाइलवरून धातू शोधायचं यंत्र मागवलं. लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती, वर एक छोटा पडदा. व्हिडिओत माणूस ते नदीच्या वाळूत फिरवतो आणि अंगठी काढून दाखवतो. आपल्या रानात मी चकती जमिनीजवळ नेली की ते ओरडायला लागायचं. पायाखाली ओरडायचं, बांधावर ओरडायचं, हवेत धरलं तरी ओरडायचं. बटण कमी केलं की एकदम गप्प. मग मी माझं जोडवं काढून वीतभर खाली पुरलं आणि वरून चकती फिरवली, तर जोडव्यावर गप्प आणि शेजारच्या नुसत्या मातीवर वाजतंय. धुऱ्यावरून जाणारे लोक थांबून बघायचे, काय घावलं का म्हणून विचारायचे. काका म्हणाले, "बाई, हे घिऊन चारठाण्याकडं तेवढी जाऊ नको. तिथल्या जुन्या देवळापाशी गुप्तधन काढायलीस म्हून धरतील." ते हसले, मलाही हसावं लागलं.

एका दुपारी मी ते यंत्र ढेकळावर आपटणार होते. तेव्हा तुम्ही आठवलात. मी आठवीत असेन. विहिरीवरची मोटार चालू होत नव्हती आणि मी रागानं स्टार्टरच्या पेटीवर थाप मारली. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "मशीनीला मारून काय व्हतंय? आदी वायर बघ." म्हणून मी वायर बघितली. दांड्याभोवती ती सैल लोंबत होती, चकतीबरोबर हलत होती. चिंधीनं घट्ट बांधली आणि निम्मं ओरडणं थांबलं. तेवढ्यानंच मी इतकी खूश झाले, अप्पा, की आईला हाक मारली. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो हिंदीत समजावत राहिला की काळ्या मातीत लोखंडाचा अंश असतो, आधी यंत्राला तुमची जमीन शिकवा, बटण दाबून चकती वरखाली करा. मी शिकवत बसले. एका तासापुरतं ते शिकायचं आणि पुढच्या तासाला सगळं विसरायचं. मग बैलाच्या खुराची पत्री निघाली, गाडीचा खिळा निघाला, औषधाच्या पुडीचा चंदेरी कागद निघाला. यंत्र वाजलं की धुऱ्यावर बसलेली आई उठून उभी राहायची. मी खुरप्यानं उकरून हातातली वस्तू दाखवली की पुन्हा बसायची. तिचं ते उठणं मला बघवत नव्हतं.

आपले जंगम स्वामी येऊन गेले. म्हणाले, सोमवारी नवं लिंग बांधू, देवाला सगळं कळतं. आईनं त्यांच्यासमोर नुसती मान हलवली. ते गेल्यावर चुलीपुढं बसून, तुमच्या समाधीच्या दिवसाची आठवण काढत मला म्हणाली, "त्येंना मातीत बसवलं तवा त्येंच्या हातावर त्येंचं लिंग ठिवलं. माझ्या हातावर काय ठिवताल?" तुम्ही असता तर काहीतरी बोलला असता, निदान चिडला तरी असता.

परवा ट्रॅक्टर येणार आहे, नांगरट आणखी लांबवता येत नाही. त्यानंतर डबी कुठं जाईल कोण जाणे. हे कागद मी घडी करून माझ्याजवळच ठेवणार आहे, आईला वाचून दाखवायची माझ्यात हिंमत नाही.

एक मात्र तुम्हाला सांगते. काल सकाळीच यंत्रातले सेल संपले. गावातल्या दुकानात मिळतात, पण मी आणले नाहीत. ते मुकं यंत्र घेऊन मी ऊन चढेपर्यंत कापसाच्या तासातासातून फिरले. आई धुऱ्यावर शांत बसून होती. घरी येताना म्हणाली, आज चांगलं चाललं बघ, उगं उगं वरडत न्हवतं. मी हो म्हणाले.