पहिला फटका राखून ठेवलाय

ग्दिन्या, २० जानेवारी

ती. हिरोनिममामास,
बोग्नाचा सा. न. वि. वि.

आलुबुखाराच्या मुरांब्याच्या बरण्या पोचल्या असतील. आईने बजावलंय की सगळ्या एकदम फस्त करायच्या नाहीत. त्याच खोक्यात तळाशी एक दांडा आणि एक चकती आहे, ती मात्र माझ्याकडून. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना सांग, त्या तुझ्या कॉम्प्युटरवर बसवून देतील. नाक मुरडू नकोस. तू ज्याला माझं खेळणं म्हणतोस, ते हेच, कॉम्प्युटरच्या पडद्यावर ग्लायडर उडवायचं यंत्र.

फोनवर तू 'बरा आहे' म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहितेय. डॉक्टरांनी हृदयाच्या कारणाने तुझा परवाना काढून घेतला, तेव्हापासून ओल्शिनाच्या मैदानावर तू पाऊल टाकलेलं नाहीस. तीस वर्षं जिथे पोरांना ग्लायडर उडवायला शिकवलंस, तिथल्या कुणाचा फोनही घेत नाहीस. तुझी लाडकी शिष्या यागोदा माझ्याजवळ अगदी रडकुंडीला आली होती.

आता माझं. जुलैत मी यागोदाच्या हाताखाली शिबिराला येतेय. रजा तीनच आठवडे. आमच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकीणबाई त्यावर एक दिवस देणार नाहीत. तेवढ्यात मला एकटीने उडायचंय. चाळिशी आली मामा, आता नाही तर कधीच नाही. तू शिकवणार होतास, ते राहूनच गेलं. निदान या यंत्रावर उडून बघ आणि सांग, यात खरं किती आणि थापा किती.

आईचे आणि माझे नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बोग्ना

तार्नुफ, ३ मार्च

चि. बोग्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

मुरांबा संपला, हे आईला सांगू नकोस. यंत्र महिनाभर खोक्यातच पडून होतं. शेवटी शिक्षिकाबाईंनी बसवून दिलं. म्हटलं, यात चुका किती आहेत तेवढ्या मोजू आणि उठू. बसलो तो सूप गार होऊन वर साय धरली.

अगं, यंत्रात त्यांनी मैदानाजवळची आपली टेकडी केलीय! दगडखाणीच्या उतारावर सकाळचं ऊन पडलं की हवा वर उचलते, हे मला कळायला दोन उन्हाळे लागले होते. यंत्राला ते आधीच ठाऊक. वेग फार कमी केला की ग्लायडर कसा अंग टाकतो, तेही हुबेहूब. काचेवर चिकटवलेला लाल लोकरीचा धागासुद्धा विसरलेले नाहीत. आपण वाकडे उडालो की तोही वाकडा होऊन वेडावतो मला. आणि खेचून वर नेणारा दोर! तो मध्येच तुटला तर काय करायचं, हे आम्ही पोरांना जेमतेम दोन-तीनदा करून दाखवायचो. इथे मी सबंध दुपार दोर तोडत बसलो आणि ओरडायला कुणी नाही. ज्याने हे केलंय त्याने जीव ओतून केलंय. मानलं बुवा.

थाप म्हणशील तर एकच. खुर्ची. ती गप्प बसते. खरा ग्लायडर वर चढतो तेव्हा डोळ्यांच्या आधी बुडाला कळतं. यंत्राला डोळे आहेत, कान आहेत, बूड नाही. तू इतकी वर्षं बुडाविना उडतेयस, तेव्हा तोरा बेताचा ठेव. दोर तुटण्याचा सराव मात्र रोज कर, अगदी वीट येईपर्यंत.

मैदानाचा विषय पुन्हा काढू नकोस. उडता येत नसताना कुंपणापाशी उभा राहून काय माशा मारू?

तुझं भलं होवो. लिहीत राहा, तेवढीच करमणूक.

तुझा,
मामा

ओल्शिना, ९ जुलै

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तोरा बेताचा ठेवला नाही आणि तोंडावर आपटले. पहिल्या दिवशी सगळी बटणं, सगळे आकडे मला पाठ. यागोदाला काही सांगावंच लागलं नाही. वर गेलो आणि पार फजिती. घरच्यासारखी मी उंची-वेगाच्या तबकड्यांकडेच टक लावून बसले. छोट्या चौकटीत बघायची सवय, त्यामुळे मान वळवायची असते हेच ध्यानात नाही. पायांचं तर नाव नको. घरी दांडा पिळला की भागायचं. इथे वळायला पायांनी पेडल दाबायचे, आणि पाय नुसते पाहुण्यासारखे बसून राहिले. मागच्या सीटवरून यागोदाने विचारलं, पाय ग्दिन्यात ठेवून आलीस का.

आज उडण्याआधी तिने तबकड्यांवर आपली टोपीच अडकवली. मामा, मी आंधळी झाले. बरोबरची कॉलेजातली मुलं एकेकटी उडून येऊ लागली आणि त्यांचे सोहळे होतायत. माझे रजेचे दिवस भराभर जातायत. वाटतं, इतकी वर्षं मी खोटंच उडत होते.

आईला यातलं काही कळवू नकोस. मला चार बोल लाव, पण लिही.

तुझी,
बोग्ना

तार्नुफ, १२ जुलै

चि. बोग्ना हिस,
आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

खोटं काही नाही. यंत्राने तुझे डोळे आणि डोकं तयार केलंय. माझ्या पोरांचा अर्धा उन्हाळा तेवढ्यातच जायचा. तुझं बूड तेवढं कच्चं राहिलंय. पहिल्यांदा एकटा उडून आलेल्याला आपल्याकडे सगळे मिळून बुडावर फटके का देतात? पोरांना वाटतं मस्करी. पण त्यात मागणं असतं की बाबा रे, बूड जागं राहू दे, वारा कळू दे. म्हणून तर पहिला फटका शिकवणाऱ्याचा.

आता ऐक. पट्टे घट्ट आवळ, म्हणजे सीट आणि तू एक व्हाल. जबडा सैल सोड. नजर लांब ठेव, जिथे जमीन संपते तिथे. आणि मोठ्याने बोलत राहा: आत्ता उचललं, आत्ता सोडलं. चुकलीस तरी यागोदा हसणार नाही, तीही अशीच बडबडत शिकलीय. हात हलला की पायही हलू दे, दोघं एकाच गाडीचे घोडे.

रडायचं असलं तर हँगरच्या मागे जा. जागा चांगली आहे, मीही वापरलीय.

तुझ्यावर भरवसा असलेला,
मामा

ओल्शिना, २३ जुलै

ती. मामास,
सा. न. वि. वि.

काल सकाळी यागोदाबरोबर वर चढताना दोर खरोखरच तुटला. धाडकन आवाज झाला आणि मला कळायच्या आत हाताने दांडा पुढे लोटला होता. नाक खाली, वेग सावरला, समोर मैदान होतं, उतरले. थांबल्यावर यागोदा म्हणाली, "माझा हात दांड्यापाशी पोचेपर्यंत तुझं आटोपलंही होतं, कुठे शिकलीस हे?" मी सांगितलं, ग्दिन्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

दुपारी ती मागच्या सीटवरून उतरली, रिकामे पट्टे बांधले, काच लावली आणि बोटानेच म्हणाली, जा.

मामा, मी एकटी उडाले! खाणीवर आले आणि खालून कुणीतरी अलगद उचललं. तबकडी मागाहून बोलली. बुडाला आधी कळलं होतं. मग मी रडले. हँगरच्या मागे नाही, वरच.

उतरले तर सगळे हात चोळत रांगेत उभे. यागोदा सगळ्यांत पुढे. तिने हात उगारला आणि खाली घेतला. म्हणाली, "पहिला माझा नाही. हिला दोर तोडायला ज्याने लावलं, त्याचा." बाकीच्यांनाही तिने हात लावू दिला नाही. आता सगळं मैदान खोळंबलंय. फटके पडल्याशिवाय मी पायलट नाही, आणि रविवारी संध्याकाळी माझी गाडी आहे. तुझा फटका राखून ठेवलाय. यायचं की मला तशीच अर्धवट परत पाठवायचं, तू ठरव.

वाट बघणारी,
बोग्ना

तार्नुफ, २९ जुलै

चि. बोग्ना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला अजून खुर्चीत धड बसवत नाही, असं आईने कळवलं. छान झालं. माझाही तळहात चुरचुरतोय. मैदानाकडे येताना मी मधल्याच एका थांब्यावर उतरलो होतो, परत फिरायला. पण तुझं ते 'अर्धवट' डोक्यातून जाईना. पुढच्या बसने आलो.

तू गाडीला गेलीस, त्यानंतरचं तुला ठाऊक नाही. यागोदाने काही न विचारता मला पुढच्या सीटवर कोंबलं आणि पट्टे स्वतः आवळले. खाणीवर पोचलो तेव्हा मी डोळे मिटून घेतले. यंत्रासमोर डोळे मिटले की आकाश विझतं. उरते खुर्ची आणि खालच्या बाईंचा रेडिओ. वर मी डोळे मिटले आणि मला उचललं गं. सगळं तिथल्या तिथे होतं. किती वेळ तसाच बसलो होतो कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा दांडा माझ्या हातात होता. यागोदाने तो कधी सोडला ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

घरी येऊन यंत्र लावलं. वाटलं होतं, आता फिकं लागेल. तसं काही झालं नाही. त्याच खाणीवर गेलो आणि या खेपेला बुडाखाली हललं, खुर्ची तीच असून.

यागोदा हँगरमध्ये असंच एक यंत्र मांडतेय. नव्या पोरांनी आधी तिथे दोर तोडायचे, मग मैदानावर यायचं. शिकवायला तिला माणूस हवा होता. परवाना नसला तरी चालेल म्हणाली.

मुरांबा आता मैदानाच्या पत्त्यावर पाठव. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा मामा,
शनिवारपासून पुन्हा मास्तर