टेकडीवरचा टाकळा

माझ्या घराची कौलं नवी घालायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मी पत्रात गळतंय का एवढंच विचारलं होतं. गळत असेल तर गळतंय म्हणून लिहायचं आणि गप बसायचं. तुम्ही ज्येष्ठात माणसं लावलीत, कौलं उलटलीत, वासा बदललात आणि वर हिंदुरावाच्या नावानं कार्ड टाकलंत की घर अगदी तयार आहे, वहिनींना कधीही पाठव. ते त्यानं मोठ्यानं वाचलं. दोनदा.

असो. राजाभाऊ भावजींना भीमाबाईचा आशीर्वाद. तुमचा दमा, जाऊबाई शेवंतेचं डोकं आणि काळ्या म्हशीचं पोट, तिन्हींची खुशाली कळवावी. इकडं मी, मुलगा हिंदुराव आणि सूनबाई सुनयना बरे म्हणायचे इतपत आहोत. माझे गुडघे (ज्यांच्या औषधपाण्यासाठी दिवाळीनंतर मला या गुडगावात आणलं) अजून दुखतात असं माझं म्हणणं आहे. डॉक्टरचं म्हणणं वेगळं आहे. पण गुडघे कोणाचे आहेत?

आता रविवारचं ऐका. आदल्या दिवशी हिंदुराव (फौजेतून सुभेदार होऊन सुटला, आता इथल्या बारा मजली काचेच्या इमारतीत सिक्युरिटीचा साहेब आहे) माझ्यासाठी बूट घेऊन आला. पांढरे, कापडी, नाडीचे. बहात्तर वर्षांच्या बाईला कोणी बूट आणले की तिनं समजून घ्यावं, आपल्याला कुठंतरी चालवायचा बेत आहे. मी तोंड बंद आणि कान उघडे ठेवले. स्वयंपाकघरात तो सुनयनाला सांगत होता, उद्या आईला टेकडी चढवून बघू, ती जमली तर गावच्या चार पायऱ्यांचं काय एवढं. म्हणजे ती सहल नव्हतीच. फौजेची भरती होती आणि उमेदवार मी एकटी.

शहराबाहेर डोंगराची एक सोंड आहे, तिला अरवली म्हणतात. (आपला अजिंक्यतारा बघितलेल्या माणसानं तिला डोंगर म्हणू नये.) पूर्वी तिथं दगडाची खाण होती, आता सरकारनं कुंपण घालून, फरसबंद वाट काढून बाग केली आहे. आत जायला तिकीट नाही. सरकार फुकट आत सोडतंय म्हटल्यावर बाहेर कसं सोडतं ते मी आधी बघून घेतलं. आत धडधाकट माणसं मोटारीतून उतरायची आणि घाम येईपर्यंत भराभर चालायची. एवढ्या घाईनं निघालात कुठं, तर कुठंच नाही. वर एक दगडी छत्री आहे, तिला शिवायचं आणि परत मोटारीत बसायचं. पुढं पंधरा-वीस म्हातारी माणसं गोल करून, हात वर करून हसत होती. विनोद कोणीही सांगितला नव्हता, मी थांबून खात्री केली. त्यातल्या एका बाईनं माझ्या लुगड्याकडं आणि त्याखालच्या बुटांकडं बघून आवाज वाढवला. तिचं तोंड मी लक्षात ठेवलं.

चढ सुरू झाल्यावर मी दर दहा पावलांना कण्हले. हिंदुराव घड्याळ बघत होता. सुनयना पाणी देत होती, आणि इतक्या मायेनं देत होती की मला बाटलीचाच संशय आला. पहिल्या वळणावर बाकडं दिसलं तशी मी बसले आणि जाहीर केलं, आता मला इथून उचलूनच न्या. "तुम्ही बसा आई, आम्ही वरून जाऊन आलोच," असं म्हणून दोघं निघून गेली. एका शब्दात ऐकलं, तेही मला बरं वाटलं नाही.

तेवढ्यात ती मघाची हसणारी बाई येऊन शेजारी बसली.

"साताऱ्याकडच्या ना तुम्ही?" चक्क मराठीत.

"कशावरून?"

"आल्यापासून सगळ्यांकडं चोर असल्यासारखं बघताय, त्यावरून."

तिचं नाव कुसुमावती. मूळची चिपळूणची, चाळीस वर्षं दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात काढली, नवरा गेल्यावर मुलाकडं इथं नवव्या मजल्यावर आली. तिनं चिवड्याचा डबा पुढं केला. मी आधी तिला खायला लावला आणि मग खाल्ला. मीठ कमी होतं, तसं सांगितलं. ती म्हणाली, फुकटच्या चिवड्याला एवढं पुरे. हिंदुरावानंच हिला माझ्यावर पाळत ठेवायला पाठवली असणार असं माझ्या मनात पक्कं बसत होतं, तोच माझी नजर समोरच्या उतारावर गेली. भावजी, सगळा उतार टाकळ्यानं भरला होता. कोवळा, हिरवागार, पावसाचं पाणी प्यायलेला टाकळा, आणि माणसं त्याच्याजवळून बाटलीतलं पाणी पीत चालली होती. कुसुमावतीला दाखवला तर तिचे डोळे भरून आले. (चाळीस वर्षांत खाल्ला नव्हता. मला कोणी रडलेलं चालत नाही, म्हणून मी तिला राखणीला उभं केलं.) ती म्हणाली, फणसाच्या आठळ्या घालून करतात. मी म्हटलं, डाळ आणि लसूण घालून करतात. हा वाद चालू असतानाच मी कुंपणाचा दगड ओलांडून वर गेले आणि लुगड्याचा ओटा टाकळ्यानं भरायला लागले.

मग शिट्टी झाली. चौकीदार.

"माताजी, तोड़ना मना है."

"भाजी है," मी म्हटलं.

"भाजी नहीं, जंगली घास है."

"घास है तो तेरा क्या जाता है?"

पुन्हा शिट्टी फुंकून तो उतार चढायला लागला. (माझा अंदाज, भाजी ओळखली त्यानं. घरी नेत असणार.) मी ओटा आवळला, लुगडं खोचलं आणि त्याला बगल देऊन दगडांवरून सरळ खाली सुटले. कुसुमावती वाटेनं पळत होती आणि या वेळी खरंच हसत होती. मी फाटकापाशी पोचून मागं बघितलं, तर चौकीदार अर्ध्यावर कमरेवर हात ठेवून उभा, आणि त्याच्या वर, वाटेच्या वळणावर, हिंदुराव आणि सुनयना. हिंदुराव घड्याळ बघत होता. पावणेतीन मिनिटं, म्हणाला. त्याच्या पलटणीतली पोरंही याहून हळू उतरायची म्हणे.

घरी मी डाळ-लसूण घालून टाकळा केला. सुनयनानं दोनदा वाढून घेतला आणि जेवणं झाल्यावर गोड आवाजात म्हणाली, आता गुडघ्यांची काळजी मिटली, नारळी पौर्णिमेनंतरचं तिकीट काढू या, तुम्हीच रोज म्हणता ना आई, या पिंजऱ्यात जीव घुसमटतो, मला माझ्या घरी पोचवा. म्हणते मी. आठ महिने म्हणतेय, सकाळ-संध्याकाळ. घर तयार आहे हे तुमचं कार्ड हिंदुरावानं टीव्हीवर उभं करून ठेवलंय.

शेवंतेला आशीर्वाद. म्हशीला ओवा द्या.

भीमाबाई

ता. क. सोमवारपासून कुसुमावती सकाळी सहाला खालून हाक मारते आणि आम्ही ऑटोनं टेकडीवर जातो. मी चौकशीसाठी जाते. ती माणसं कशाला हसतात ते बाहेरून कळत नाही, म्हणून गोलात शिरून हात वर करून उभी राहते. अजून काही हाती लागलेलं नाही. दिवाळीपर्यंत तरी वेळ लागेल.

आणखी एक. माझ्या माजघरावरची चार कौलं काढा. खोटं लिहा असं मी कोणाला सांगणार नाही. आधी काढा, एक सर आत येऊ द्या, मग लिहा की घर गळतंय, वहिनींना दिवाळीपर्यंत तिकडंच ठेवा. (गव्हाची कणगी तेवढी आधी हलवा.) आठ महिने जा-जा करून आता मी माझ्या तोंडानं राहते म्हणणार नाही.

आणि उत्तर तुम्हीच लिहायचं, हिंदुरावाच्या नावानं, मोठ्या अक्षरात. शेवंतेच्या हातात कार्ड देऊ नका, ती घर छान झालंय असं लिहून मोकळी होईल. मला वेगळं काही लिहू नका. मला यातलं काही माहीत नाही.