सव्वीस वर्षं जपलेला दिवा

आई, गेल्या सोमवारी सकाळी अंघोळ करून मी देवापुढं बसलो, चुलीजवळची काडीपेटी आणून पाटाशेजारी ठेवली आणि तुझ्या सुनेला म्हणालो, "जरा बस इथं. लहानपणापासून पोटात ठेवलेलं एक सांगायचंय." ती अखंड दिव्यात करडईचं तेल घालायलाच येत होती. हातात तीच वाटी, जी तू शेवटच्या आजारात तिला दिली होतीस आणि म्हणाली होतीस, "ह्यो दिवा गेला तर घरचा कर्ता जातो. सांबाळ." तेव्हापासून सव्वीस वर्षं तिनं तो सांभाळला. करमाळ्याकडचं गाव सोडून मी सोलापुरात गिरणीला लागलो, तेव्हा बैलगाडीत कंदील मांडीवर धरून तिनं ती ज्योत इथवर आणली. वाटेत मला विडीसुद्धा ओढू दिली नाही. "फुंकायचं काम आज कायबी करू नगासा," म्हणाली.

तिच्या डाव्या स्तनात गाठ आहे, आई. दिवाळीत तिच्या हाताला लागली, मला सांगितलं माघात. तुझीही तिथंच होती. इथले डॉक्टर म्हणजे भला माणूस. त्यांनी काही लपवलं नाही. मुंबईला रेडियम नावाच्या धातूच्या सुया लावून ही गाठ जाळतात, दोन महिने राहावं लागेल, आत्ता गेलात तर चांगली आशा आहे, पावसाळ्यापर्यंत थांबलात तर मी काही बोलणार नाही, असं त्यांनी सांगितलं. गिरणीच्या साहेबांनी रजा दिली, परळला एका ओळखीच्या माणसानं खोली दिली. सगळं जमलं, आणि ही म्हणाली, मी येत नाही. दिव्याला तेल कोण घालणार? शेजारच्या हातमागवाल्यांच्या घरातली तेलुगू अक्का म्हणाली, मी घालते, माझ्या हाताला काय काटे आहेत? पण हिचं एकच, घरच्याच बाईनं घालायचं असतं. मी चिडलो, तेव्हा पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मी बरी हुन परत यीन आनि तुमी नसाल. मग त्या बऱ्या हुन्याचं काय करू मी?"

तूही हेच म्हणाली होतीस. मिरजेला गाठ कापून काढतात हे कळल्यावर मी गाडी जुंपून दाराशी उभी केली होती. बाबा दोनच वर्षांपूर्वी गेले होते, कर्ता मी होतो, बावीस वर्षांचा, आणि लग्न व्हायचं असल्यानं घरात दुसरी बाई नव्हती. तू उंबऱ्यात बसून राहिलीस. "तुला घालवून मी जगू व्हय रं?" खरी गोष्ट तेव्हा माझ्या जिभेवर होती. मी बैल सोडले.

ती गोष्ट सोमवारी मी हिला सांगितली. मी अकरा वर्षांचा असताना तू कमळाभवानीच्या दर्शनाला गेली होतीस, बाबा रानात होते, आणि मागं वाऱ्यानं दिवा गेला. मी काडी ओढून तो परत लावला आणि गप्प राहिलो. त्या साली घरात कोणी गेलं नाही. उलट शेळीला दोन करडं झाली. बाबा गेले ते नऊ वर्षांनी, आणि तेव्हा दिवा लख्ख जळत होता.

तिनं ज्योतीकडं पाहिलं, मग हातातल्या वाटीकडं. मला वाटलं, आता वाटी फेकून मारते. मग तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, आणि पाहतो तर ती हसत होती. "म्हंजे सव्वीस वर्सं मी काडीपेटीच्या दिव्याला तेल घालतीया? आनि तुमी रोज हात जोडून बसताय त्येच्याफुडं!" हसणं ओसरल्यावर हळूच म्हणाली, "आत्याबाईंना सांगायचं हुतं तुमी."

तुझी गाठ माझ्यामुळंच झाली असं मला वाटायचं. कर्त्याच्या ऐवजी दिव्यानं उशिरा तुला धरलं, असं. ते तुला सांगायचं धाडस नव्हतं. नंतर इतकी वर्षं देवीपुढं बसून माझ्या एवढंच ध्यानात आलं, की तिला माणसं हवी असतात, तेल नव्हे.

आज पहाटे तुझ्या सुनेनं हळदकुंकू वाहिलं, दिव्याला नमस्कार केला आणि चिमटीत वात धरून तो शांत केला. बारीक धूर निघाला. तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "हायसा की जित्ते!" अक्कानं चिंच लावून दिवा घासला. इतक्या वर्षांच्या काजळीखालून पितळ निघालं ते सोन्यासारखं. परत आल्यावर ही तो स्वतः लावणार आहे, नव्या काडीनं. कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी फडक्यात बांधलीय, डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या खिशात आहे. नवं लुगडं नेसून ती लग्नाला निघाल्यासारखी दिसतेय.

एक उरलंच, आई. दिवा वाऱ्यानं गेला, असं मी तिला सांगितलं होतं. तसं नव्हतं. मीच फुंकला होता. खरंच कोणी मरतं का, ते बघायला. तुला हे लिहिलं आणि लगेच तिलाही सांगून आलो. ती वळकटीची दोरी आवळत होती. मान वर न करता म्हणाली, "ठावं हाय. तुमच्या त्या देवघराला खिडकी कुटं हुती?"

टांगा दाराशी आलाय. हे पत्र घासलेल्या दिव्याखाली घडी घालून ठेवतो. तुझ्या वेळी सोडलेले बैल आज जुंपले, आई. आम्ही निघालो.