किर्गिझ पानावरचा उघडा चौकोन

कोक-तोर, १४ फेब्रुवारी

थोरल्या भावाला, आदरणीय जेनिश आके यांना, धाकट्या मावसभावाचा, म्हणजे सागिनबेकचा, छातीवर हात ठेवून सलाम. गुरंढोरं आणि माणसं सुखरूप आहेत ना? (बिश्केकमध्ये नवव्या मजल्यावर तुमच्याकडे गुरंढोरं नाहीत हे मला ठाऊक आहे, पण विचारायचा क्रम मोडवत नाही.) वहिनींचा गुडघा कसा आहे? इकडे उणे एकतीस आहे, बाकी ठीक.

पत्रास कारण तुमच्या कंपनीची 'कारोल' ही प्रणाली. तुम्ही ती बनवलीत, त्यामुळे तिची ओळख मी तुम्हाला करून देणं बरं नव्हे, पण आमच्या संचालकांनी (रिस्कुल असानोविच, अत्यंत विचारी गृहस्थ) सगळं पहिल्यापासून लिही असं बजावलंय. तर आमचं जिल्हा रुग्णालय आणि डोंगरातले अकरा दवाखाने ज्या जाळ्याने जोडलेत, त्या जाळ्यातलं प्रत्येक यंत्र 'कारोल'च्या पडद्यावर ठिपका म्हणून दिसतं. चालू असलं तर हिरवा, बंद असलं तर लाल. वापरणाऱ्यांच्या पायऱ्या तीन. 'बघ्या'ने फक्त बघायचं, 'कारभाऱ्या'ने थोडं हलवायचं, आणि 'मालका'ने काय वाटेल ते करायचं. जाळ्याचा प्रमुख या नात्याने मालक मी एकटाच होतो.

गेल्या शरद ऋतूत मी आमचं रुग्णालयाचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या, सगळ्यांना थोरल्या बहिणीसारख्या बुरुलचा एजेंना बघ्याची पायरी दिली. कारण साधं होतं. एखाद्या दवाखान्याचा ठिपका लाल झाला की तिथली वीज गेली, वीज गेली की तिथला डॉक्टर खाली येणार, आणि डॉक्टर खाली आला की मटणाच्या कूरदाकचं एक ताट जास्त लागणार. मी त्यांना जरा ऐटीतच सांगितलं, "एजे, नुसतं बघायचं. हात लावायचा नाही." त्या म्हणाल्या, "बघते."

झालं असं, की नोंदीत मी त्यांचं नाव 'बुरुलगा' लिहिलं होतं. ते दुरुस्त करायला त्यांनी स्वतःच्या माहितीचं पान उघडलं आणि सगळं रशियनमध्ये आहे म्हणून वरचं बटण दाबून किर्गिझ भाषा निवडली. (आपल्या धंद्यात हे कोणी करत नाही. मी पंधरा वर्षांत एकदाही कुणाला करताना पाहिलेलं नाही.) रशियन पानावर पायरीचा चौकोन पुसट असतो, बघ्याला तो हलवता येत नाही. किर्गिझ पानावर मात्र तो चांगला ठसठशीत होता आणि विचारत होता, आपण कोण? खाली तीन पर्याय. एजेंनी दोन क्षण विचार केला आणि सव्वीस वर्षं ज्या स्वयंपाकघरात आपला शब्द चालतो ते आठवून, प्रामाणिकपणे, 'मालक' निवडलं. प्रणालीने त्यांचं म्हणणं मान्य केलं. अशी चूक तुमच्यासारख्या नामवंत कंपनीत कशी राहिली हे मला सांगता येत नाही.

मग गोष्टी घडू लागल्या. प्रथम यंत्रांची नावं बदलली. 'के-०७' नाहीसं झालं आणि त्या जागी 'सोनुनच्या दवाखान्यातलं, खिडकीजवळचं' असं आलं. नंतर रोज बरोबर साडेबाराला इमारतीतल्या सगळ्या कचेऱ्यांचं इंटरनेट चाळीस मिनिटं बंद पडू लागलं. दवाखाने चालू, शस्त्रक्रियेचा विभाग चालू, फक्त कचेऱ्या बंद. माणसं कंटाळून खाली जेवायला जाऊ लागली. मी संचालकांना अहवाल दिला की हे किमान पाच तज्ज्ञांचं काम आहे आणि त्यांच्यामागे बहुधा एखादं परदेशी सरकार आहे. नोंदवहीत प्रत्येक बदलापुढे 'बुरुलचा' हे नाव होतं हे खरं, पण त्याचाही खुलासा मी बैठकीत केला. एजे चहा वाढत होत्या. मी त्यांना धीर दिला, "एजे, घाबरू नका, तुमच्या नावाआड कोणीतरी लपलंय." त्यांनी स्वतःच्या घेराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्याआड? सगळे पाचही मावतील."

संचालकांनी बिश्केकहून एलनुरा नावाच्या सुरक्षा-तज्ज्ञ बाई बोलावल्या. त्यांनी नोंदवही अर्धा तास वाचली, माझा अहवाल चार मिनिटं वाचला आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. "हे तुम्ही केलंत?" "हो." "मग सांगितलं का नाही?" "विचारलं कोणी? हा सागिनबेक तर मलाच धीर देत होता."

संचालक लालबुंद झाले. पोलीस, बडतर्फी, असे सगळे शब्द निघाले. मला हुकूम झाला, आत्ताच्या आत्ता या बाईची पायरी काढून घे. मी सर्वांसमोर बसलो, बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं, 'आपण बघ्या आहात. आपल्याला हा अधिकार नाही.' एजेंनी नऊ दिवसांपूर्वीच माझी पायरी उतरवली होती. आके, तुमच्यापासून काय लपवायचं, नऊ दिवस मी बघ्या होतो आणि माझ्या कामात तसूभर फरक पडला नव्हता. एजेंचं म्हणणं असं, की यादीत पाहिलं तर याने वर्षभरात मला बघ्या करण्यापलीकडे एकही बदल केला नव्हता, मग इतका अधिकार याच्याकडे पडून कशाला? एलनुराबाई चष्मा पुसत म्हणाल्या, ज्याला जेवढं काम तेवढाच अधिकार, हे नियमावलीचं पहिलं पान आहे, आणि या इमारतीत ते फक्त स्वयंपाकघराने पाळलंय.

एवढ्यात समोरच अक-जारच्या दवाखान्याचा ठिपका लाल झाला. खिंडीत हिमकडा कोसळून तार तुटली होती. सोनुन नर्सचा फोन तुटक तुटक आला. तिच्यापुढे एक बाई अडली होती, बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती, आणि आमच्या डॉक्टरीणबाई पडद्यावरून एकेक पायरी सांगत असतानाच चित्र गेलं होतं. जोडणीची दुसरी वाट होती, हवामान केंद्रावरून, पण ती मालकालाच उघडता येते. खोलीत मालक कोणी नव्हता. संचालक स्वतः जिना उतरले, मी मागे.

"बुरुलचा एजे, जरा वर येता?"

"काढून टाकलेली बाई वर कशाला? तेल तापलंय माझं."

"एजे, अक-जारला बाई अडलीय."

त्यांनी गॅस बंद केला आणि हातही न पुसता वर आल्या. तळायच्या बोरसोकच्या पिठाने माखलेल्या बोटांनी चार बटणं दाबली. ठिपका हिरवा झाला, चित्र आलं. पस्तीस मिनिटं कोणी बसलं नाही. मग त्या पडद्यातून एक बारीक, रागावलेला ट्याहां ऐकू आला. मुलगी झाली. मी अँटेना तपासायला बाहेर गेलो. (अँटेना ठीक होती. डोळे पुसायला बरी जागा आहे ती.)

दुसऱ्या दिवशी संचालकांचा लेखी हुकूम निघाला. बुरुलचा एजे मालक, स्वयंपाकघर सांभाळून. मी पुढील आदेशापर्यंत बघ्या. एलनुराबाईंच्या सांगण्यावरून एजेंनी ते किर्गिझ पान स्वयंपाकघरातल्या त्या भेटीतच बघ्यांसाठी बंद केलं होतं. आपल्या कंपनीने दोष कायमचा दूर करून लेखी खुलासा पाठवावा, ही नम्र विनंती.

तुमचा,
सागिनबेक

ता. क. वरचा मजकूर संचालकांनी वाचून खाली शिक्का मारलाय. ('अत्यंत विचारी' हे त्यांनी दोनदा वाचलं.) इथून पुढचं फक्त तुमच्यासाठी, पाकिटाला डिंक लावण्याआधी घाईत.

ता. ता. क. आके, खुलाशात काय वाटेल ते लिहा, पण खरं लिहू नका. आठ वर्षांपूर्वी तुमच्या मेहुण्याच्या लग्नात तिसऱ्या पेल्यानंतर मीच तुमच्यामागे लागलो होतो, की किर्गिझ पानावर तो चौकोन उघडा ठेवा, ते पान कोण बघतंय! तेव्हा मी साधा बघ्या होतो आणि पुढच्याच सोमवारी त्या चौकोनातून मालक आणि म्हणून प्रमुख झालो. नोंदवहीत बुरुलचा एजेंचं नाव पाहिलं त्या दिवशीच मी काय ते ओळखलं होतं. परदेशी सरकार मला त्यानंतर सुचलं. आता तुम्ही दुरुस्ती पाठवालच, तर तिच्यात माझ्यापुरता एखादा चौकोन पुन्हा उघडा ठेवा, पण या वेळी किर्गिझमध्ये नको. आपली माणसं वाचतात.