सरावातला प्रश्न

मंगळवार, ९ मार्च

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. तब्येत उत्तम, भूक उत्तम. खोली एवढी लहान, की आळस द्यायचा तर आधी खिडकी उघडावी लागते. तुझं पत्र मिळालं. आईला भेटायला कधी येतोस, असं विचारलं आहेस. त्याकडे येतोच, आधी जरा या उतारवयातल्या अभ्यासाचं सांगतो.

आमचे प्राध्यापक राज्य-उभारणी शिकवतात. गेल्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर अख्खं राज्य उभं केलं. न्यायालय, निवडणुका, स्वतंत्र वृत्तपत्रं, सगळं कसं सरळ रेषेत. तास संपल्यावर पुसून टाकलं. म्हटलं, सर, आमच्याकडेही हीच पद्धत आहे, फक्त तास संपायची वाट कोणी बघत नाही. ते हसले आणि त्यांनी ते लिहून घेतलं. इथे विनोदाची नोंद घेतात, ताई. आपल्याकडेही घेतात म्हणा, पण ती चौकीत.

मानवी हक्कांच्या विषयाला जोडून समाजसेवा सक्तीची आहे. सक्तीची सेवा! भाऊजींना सांग, हसतील. बंद पडलेल्या एका लॉंड्रीत परागंदा माणसांना ठेवलंय. तिथे मी टेबलामागे साहेब होऊन बसतो आणि आश्रय मागणाऱ्यांना खरा साहेब विचारेल ते प्रश्न विचारून सराव देतो. माझा साहेब इतका जमलाय, की मंडळी जिन्यातसुद्धा अंग चोरून वाट देतात. जन्मभर साहेबांची टिंगल केली, आणि वठली ती तीच भूमिका.

एक प्रश्न सगळ्यांनाच येतो : "आई आजारी पडली तर परत जाल का?"

एक शिंपीण होती. म्हणाली, "हा काय प्रश्न झाला? जाणारच की!"

"बाई, 'नाही' म्हणायचं. जाईन म्हणालात, तर तिथे तुमच्या जिवाला धोका नाही असं धरतात."

"का? यांना काय आया नाहीत?"

"असतील. आजारी पडत नसतील."

सगळे हसले. मी तिच्याकडून 'नाही' घोकून घेतलं. खऱ्या साहेबासमोर ती म्हणाली, "जाईन." गेल्या महिन्यात तिला परत धाडलं. तिची आई आहे का, ती स्वतः तरी आहे का, कळायला मार्ग नाही.

संपादक अजून सुटले नाहीत, असं तू लिहिलंस. दोन माणसं भाऊजींच्या दुकानात येऊन "तुमचे मेहुणे कधी परतणार?" असं फार गोड आवाजात विचारून गेली, हेही वाचलं. लेख माझा, आत गेला तो छापणारा. तुझी जीभ तुला देशोधडीला लावेल, असं आई म्हणायची. तिचा शब्द मी खाली पडू दिला नाही.

काल मी टेबलाच्या अलीकडे बसलो. लॉंड्रीत नव्हे, खऱ्या कचेरीत. साहेब माझ्या मुलाच्या वयाचा, सभ्य, सर्दीने बेजार. त्याने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि नेमका तोच प्रश्न विचारला.

तुझं पत्र खिशात होतं. आता फक्त वाट बघा, असं डॉक्टर म्हणालेत. दार वाजलं की आई माझं नाव घेते.

"नाही," मी म्हणालो. एका दमात. साहेबाने शिंकत शिंकत ते टाइप केलं. पुन्हा विचारावं लागलं नाही.

अर्ज मंजूर झाला, तर मला तिकडे कधीच येता येणार नाही. नामंजूर झाला तर येईन, पण ती दोन माणसं मला घरापर्यंत पोचू देणार नाहीत. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर काही केल्या बदलत नाही.

आईने विचारलं की तुला ते द्यावं लागेल. मी अडखळलो नाही, ताई. तू सांगताना जरा अडखळ. तिला वाटू दे, मीही अडखळलो होतो.

तुझा,
धाकटा