तारा खाली उतरवणाऱ्यांची सभा

प्रिय मास्तर,

खरं काय ते डोळ्यांसमोर दिसत असताना मी तुमच्या शोकसभेत माइकवर खोटं का बोलले? पंधरा दिवस हा प्रश्न मी स्वतःला विचारते आहे. घाबरले म्हणावं, तर कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली जिंकून आणणारी मुलगी मी. भान राहिलं नाही म्हणावं, तर पुढच्याच मिनिटाला मी पाहुण्यांचं नाव सगळ्या पदव्यांसकट बिनचूक घेतलं. आई म्हणते, "नोकरीपायी गप बसलीस, दुसरं काय?" असेलही. पण शपथेवर सांगते, त्या क्षणी मला नोकरी आठवलीच नव्हती.

म्हणून लिहायला बसले. तुमच्या त्या मांडीवर आडव्या घेऊन वाजवायच्या गिटारीबद्दल, डोब्रोबद्दल, इंग्रजीत कुणी काय लिहिलंय ते मोबाइलवर शोधायचं आणि तुम्हाला मराठीत वाचून दाखवायचं, हे माझं काम होतं. वाद्य मला कधी आलं नाही. वाचता येतं, तेवढं तरी नीट करते.

सभेला गर्दी मोठी होती. तुम्ही हयात असताना तुमच्या दारात एवढ्या चपला कधी बघितल्या नव्हत्या! मागच्या फलकावर तुमचा फोटो, आणि खाली 'सूरतपस्वी'. हा शब्द माझा. सभा भरवणारे श्रीरंग सर म्हणाले, "शुभांगी, तू पदवीधर आहेस, जरा भारदस्त काहीतरी सुचव." आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, त्यामुळे भारदस्त शब्दांचा मला सोस. 'पॅटर्न मेकर' असं मात्र कुठेच लिहिलं नव्हतं. तुम्ही चाळीस वर्षं फौंड्रीत ओतकामासाठी लाकडाचे नमुने केलेत, हे सांगायला त्यांना लाज वाटत होती. त्याच हातांनी तुम्ही एका कॅसेटच्या वेष्टनावरच्या अंगठ्याएवढ्या चित्रावरून सागवानाचा डोब्रो घडवलात, हे ठाऊक असतं तर कदाचित लाज वाटली नसती. पण ठाऊक कुणाला होतं?

एकेक जण उठला आणि बोलला. कीबोर्डवाले म्हणाले, मास्तरांमुळे आम्हाला मींड कळली. कळली म्हणे! चाक फिरवून सूर वाकवतात आणि त्याला मींड म्हणतात. एक गायक म्हणाले, "मास्तर माझ्या प्रत्येक गाण्यात आहेत." त्यांच्या गाण्यात ते स्वतः तरी असतात का, असा मला प्रश्न पडला. तुम्ही ज्या ऑर्केस्ट्रात वाजवायचात त्याचे जुने चालक बोलता बोलता रडले. सिंथेसायझर आला तेव्हा तुम्हाला "उद्यापास्नं येऊ नका" असं सांगायला याच गृहस्थांनी चहावाल्याला पाठवलं होतं. रडताना त्यांनी रुमाल फार सुबक घडी घालून डोळ्यांना लावला.

या सगळ्यांपेक्षा मला आपल्या पेठेतले बेंजोवाले बरे वाटतात. वरातीत तुमची ती खालून वर घसरत जाणारी जागा घ्यायला जातात आणि दर वेळी तोंडावर आपटतात. पण निदान आपटतात तरी. तुमच्यासारखं वाजवावं म्हणून धडपडणं आणि तुमच्या नावावर टाळ्या घेणं, यात फरक आहे की नाही?

आता श्रीरंग सर. तुम्ही त्यांना 'शिरंग्या' म्हणायचात, मला तेवढी मुभा नाही. त्यांच्या संगीत अकादमीच्या ऑफिसात तीन महिन्यांपूर्वी मला नोकरी लागली, हे तुम्हाला माहीत होतं. आप्पा मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा उचलतात. मी खुर्चीत बसते, हे त्यांनी अर्ध्या शिवाजी पेठेला सांगून झालं होतं. तुम्ही मात्र एवढंच म्हणालात, "जा की. पंखा तरी असंल."

सर माइकवर आले आणि म्हणाले, "बारा वर्षं मी या माणसाच्या पायाशी बसलो."

आठ दिवस, मास्तर! मी शाळेत होते, पण चांगलं आठवतं. तुमची शिकवण्याची रीत जगावेगळी. पहिला महिना गाणं नाही, सूर नाही. वाद्य मांडीवर आडवं घ्यायचं, डाव्या हातात ती पोलादी सळई धरायची आणि तारांवर नुसती टेकवायची. "दाबू नगंस. ठेव. तार तुझी वैरी न्हाय." आठव्या दिवशी सरांनी विचारलं, "मास्तर, गाणं कधी?" तुम्ही म्हणालात, "गाणं काय पळून जातंय व्हय?" गाणं पळालं नाही, सर पळाले. नवव्या दिवशी तुम्ही त्यांच्यासाठी चहा सांगून ठेवला होता. तो मी प्यायले.

पण इथं मला तुमच्यावरही रागवायचं आहे. पुढे ते मोठे झाले, गाडीतून आले, तुमच्या शेजारी बसून फोटो काढले आणि आपलं वाजवणं मोबाइलवर ऐकवलं. तुम्ही काय म्हणालात? "चांगलं हाय की." मी नंतर विचारलं, "खरंच चांगलं होतं?" तर म्हणालात, "आगं, घरात आलेल्या पावण्याला काय म्हनायचं?" मास्तर, तुम्हाला तो पाहुणचार वाटला. त्यांनी ते प्रमाणपत्र म्हणून भिंतीवर लावलं. तुमच्या तसल्या मऊ बोलण्यावर किती जणांची दुकानं उभी राहिली, याची तुम्हाला कल्पना तरी होती का?

तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी सर तुमच्या घरी आले. मीही होते. म्हणाले, "काकू, वाद्य धूळ खात पडायला नको. सभेसाठी नीट करून घेतो."

काकू म्हणाल्या, "न्या की. त्यांच्या हाताची वस्तू हाय, जपा म्हंजे झालं."

त्यांनी जपलं कसं, ते ऐका. सभेत सरांनी तुमचा डोब्रो सगळ्यांना दाखवला आणि मोठ्या अभिमानाने जाहीर केलं, "मास्तरांच्या शेवटच्या काळात वाद्याकडे दुर्लक्ष झालं होतं. तारा खालच्या लाकडापासून बोटभर वर उचलल्या गेल्या होत्या. अशा वाद्यावर ते कसे वाजवत असतील, देव जाणे! आम्ही पुण्याहून माणूस बोलावून तारा खाली घेतल्या."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तारा वरच असतात, मास्तर! त्या वर असतात म्हणून तर सळई खालच्या लाकडाला न लागता मोकळी घसरते. मला वाजवता येत नाही, तरी हे मला समजतं, कारण मी तुमचे हात बघितले होते. बारा वर्षं पायाशी बसलेल्या माणसाने हात बघितलेच नव्हते. बघणार कधी? फोटोसाठी नजर कॅमेऱ्याकडे लागते.

मग त्यांनी वाजवलं. साध्या गिटारसारखा उभा धरून, तुमची सळई तारांवर दाबून. खर्र, खर्र. तव्यावर उलथणं घासल्यासारखं. सूर नाहीच, नुसतं धातूवर धातू. आणि टाळ्या! पहिल्या रांगेतले एक साहेब डोळे मिटून मान डोलवत होते. त्या मानेची मला अजून किळस येते.

तेव्हा शेवटच्या रांगेतून हणमंता उठला. तोच, उद्यमनगरातला टर्नर. तुमची सळई त्याने लेथवर काढली, आवाज घुमवणारा आतला ॲल्युमिनियमचा पडदा त्याने घडवला, तारा वर धरणारी पितळेची पट्टीही त्याचीच. कारखान्यातली पाळी सुटली की तो तुमच्याकडे यायचा, महिनाभर नुसती सळई ठेवत बसला होता, आणि आता शाहूवाडीला गावी गेला की भजनात असं वाजवतो की टाळकरी टाळ थांबवतात. त्याला कुणी बोलायला बोलावलं नव्हतं. यादी मीच केली होती.

"आयला, पट्टीच काढली की ह्यांनी!" तो ओरडला. "बंद करा ते! वाजवनं न्हवं, पत्रा घासनं चाललंय!"

एक कार्यकर्ता धावला. "ओ पावणं, खाली बसा. सभा हाय ही."

"सभा हाय म्हनूनच सांगाय लागलोय. मेलेल्या माणसाचं वाद्य बी मारलंसा!"

सगळं सभागृह मागे वळलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण सूत्रसंचालन माझं होतं आणि माइक माझ्याकडे होता. आणि मी म्हणाले, "रसिकहो, गुरूच्या वियोगाने भावना अनावर होणं स्वाभाविक आहे."

लोकांनी सहानुभूतीने माना हलवल्या. हणमंताला दोघांनी खांद्याला धरून हळुवारपणे बाहेर नेलं. एकट्याने खरं बोललेल्या माणसाला मी एका वाक्यात दुःखाने भ्रमिष्ट ठरवलं. व्याकरणाची एक चूक नाही, उच्चार स्वच्छ. यासाठी आप्पांनी मला शिकवलं का?

या सभेतल्या सगळ्यांचा मला तिटकारा आहे, हे मी इतका वेळ लिहिते आहे. पण त्यांना निदान कळत नव्हतं. मला कळत होतं. हिशेबाने बघितलं तर सर्वांत खालचा नंबर माझा लागतो.

डोब्रो पुढे अकादमीत काचेच्या कपाटात गेला. उभा, हार घालून. रोज सकाळी कुलूप उघडलं की मला तो दिसायचा. बारा दिवस बघितला. तेराव्या दिवशी काकूंकडे गेले आणि सगळं सांगितलं, माझ्या वाक्यासकट. काकूंनी भाजीची परडी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "चल. लुगडं बदलून येतो."

सर सुरुवातीला गोड बोलले. "काकू, इथं सुरक्षित आहे. मुलं येता-जाता दर्शन घेतात."

काकू म्हणाल्या, "देव न्हाय त्यो. भांडं हाय. रोजच्या वापरात पायजे."

"शुभांगी, तू तरी समजाव यांना."

मी विचारलं, "सर, काढलेली पितळेची पट्टी कुठे आहे?"

"कुठली पट्टी?"

मास्तर, ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. ज्यावर तुमचा सगळा सूर उभा होता ती वस्तू त्यांच्या लेखी नव्हतीच. पुण्याच्या माणसाने ती केराच्या टोपलीत टाकली असणार. मला तेव्हा राग आला नाही. कीव आली, आणि कीव रागापेक्षा वाईट असते.

काकूंनी हार काढून सरांच्या टेबलावर ठेवला. मी रिक्षा आणली. वाद्य थेट उद्यमनगरात.

हणमंताने मशीन बंद केली नाही. आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "काय गं, भावना आवरल्या का तुझ्या?"

"चुकलं माझं, हणमंतादादा."

"माफीबिफी ऱ्हाऊ दे. ह्ये टोक धर, हलू देऊ नगंस."

त्याने आठवणीतून नवी पट्टी कातली. माप कुठे लिहिलेलं नव्हतं. बसवली, तारा चढवल्या, हात पुसले आणि सळई ठेवली. शेजारच्या शेडमधले दोघे हातातलं काम टाकून दारात येऊन उभे राहिले. तुमचा हुबेहूब सूर नव्हता तो. हणमंताचा होता, जरा खरखरीत, जरा घाईचा. तुमचा प्रभाव म्हणतात तो हाच असणार: कळतंही तुमच्याकडून आलंय, आणि नक्कलही नाही. काकूंनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "आता ह्यो तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

मास्तर, एक शब्द देते. ज्यातलं मला समजतं त्याबद्दल यापुढे मी छान बोलणार नाही, खरं बोलेन. पाहुणा असला तरी. तुमच्याइतकी मऊ मी होणार नाही, आणि झाले तर तुमच्याकडूनच शिकले असं सांगेन.

नोकरी मी सोडली. काल ताटात भाकरी वाढताना आप्पा एवढंच म्हणाले, "दुसरी बघ मग." राजीनाम्याच्या अर्जात कारणासाठी एक ओळ असते. सर म्हणाले, "वैयक्तिक कारण असं लिही, पुढे तुलाच बरं पडेल." मी 'अकादमीने मास्तरांचं वाद्य बिघडवून ते दुरुस्त केलं असं सांगितल्यामुळे' असं लिहिलं, खाली सही केली, आणि शिक्का मारलेली पोच घेऊनच बाहेर पडले.

तुमची,
शुभांगी